मास्टर्सचं हिरवं जॅकेट : ८९ स्पर्धा, विजेत्यांची यादी आणि निमंत्रणाची गोष्ट

१३ एप्रिल १९९७. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा शहर. रविवारची संध्याकाळ.

लाल टी-शर्ट घातलेला २१ वर्षांचा एक पोरगा शेवटच्या होलकडे चालत येत होता. दुसऱ्या क्रमांकावरचा खेळाडू त्याच्यापेक्षा १२ फटके मागे होता. म्हणजे मॅच कधीच संपली होती, फक्त औपचारिकता बाकी होती. पोराचं नाव टायगर वूड्स.

त्या दिवशी प्रेक्षकांत ६२ वर्षांचा एक माणूस होता. टायगरला जिंकताना बघायचं म्हणून तो सकाळी विमान पकडून अटलांटाला उतरला आणि तिथून गाडी पळवत ऑगस्टाला आला. इतकी पळवत, की वाटेत पोलिसांनी स्पीडिंगची पावतीही फाडली. त्याचं नाव ली एल्डर.

ली एल्डरनं ही स्पर्धा कधीच जिंकली नाही. विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव शोधूनही सापडणार नाही. तरीही ही यादी समजून घ्यायची तर त्याच्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तर ही गोष्ट आहे मास्टर्सची. कोण जिंकलं याची, आणि जिंकण्याआधी खेळायला कुणाला बोलावलं याची.

आधी बेसिक समजून घेऊ

पुरुषांच्या गोल्फमध्ये वर्षाला चार मोठ्या स्पर्धा होतात. त्यांना मेजर म्हणतात. मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमध्ये होणारी द ओपन. टेनिसमध्ये जसे चार ग्रँडस्लॅम, तसंच हे.

यातल्या बाकीच्या तीन स्पर्धा दरवर्षी मैदान बदलतात. मास्टर्स मात्र सुरुवातीपासून एकाच ठिकाणी होते, ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबवर. दरवर्षी एप्रिलमध्ये.

गोल्फचा नियम सोपा आहे. मैदानावर १८ होल असतात. प्रत्येक होलमध्ये कमीत कमी फटक्यांत बॉल घालायचा. एका होलला साधारण किती फटके लागायला हवेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. ऑगस्टाच्या १८ होलचा मिळून पार ७२ आहे. गुरुवार ते रविवार असे चार दिवस, चार राउंड. म्हणजे चार दिवसांचा पार २८८. ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो जिंकला. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात.

मास्टर्स आणि इतर मेजरमध्ये अजून एक मोठा फरक आहे. यूएस ओपन किंवा द ओपनमध्ये पात्रता फेरी खेळून कुणीही चांगला खेळाडू पोहोचू शकतो. मास्टर्समध्ये तसं नाही. इथं क्लबकडून निमंत्रण यावं लागतं. आता निमंत्रणाचे निकष जाहीर असतात, पण आजही ही स्पर्धा निमंत्रितांचीच आहे. पुढं येणाऱ्या बऱ्याच गोष्टी या एका मुद्द्याभोवती फिरतात.

सुरुवात कशी झाली?

बॉबी जोन्स हा अमेरिकेचा गोल्फपटू. पेशानं वकील, आयुष्यभर हौशी म्हणूनच खेळला, म्हणजे बक्षिसाचे पैसे घेतले नाहीत. १९३० मध्ये त्यानं त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षी निवृत्ती घेऊन टाकली.

निवृत्तीनंतर त्याला स्वतःच्या मनासारखं मैदान हवं होतं. न्यूयॉर्कमधला गुंतवणूक व्यवसायातला क्लिफर्ड रॉबर्ट्स त्याच्या जोडीला आला. ऑगस्टामध्ये एक जुनी नर्सरी विकायला होती. झाडं, फुलझाडं, छान चढ-उतार. तिथं ॲलिस्टर मॅकेन्झी या डिझायनरला सोबत घेऊन मैदान तयार झालं. म्हणूनच आजही इथल्या प्रत्येक होलला एखाद्या झाडाचं किंवा झुडपाचं नाव आहे.

१९३४ मध्ये पहिली स्पर्धा झाली. तेव्हा तिचं नाव मास्टर्स नव्हतं, ऑगस्टा नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट होतं. मास्टर्स हे नाव अधिकृतपणे १९३९ मध्ये आलं. पहिला विजेता होता हॉर्टन स्मिथ. बक्षीस १,५०० डॉलर. २०२५ च्या विजेत्याला मिळाले ४२ लाख डॉलर.

एक फटका आणि स्पर्धा देशभर पोहोचली

दुसऱ्याच वर्षी, १९३५ मध्ये, असं काही घडलं की स्पर्धेचं नाव सगळीकडे झालं.

क्रेग वूड आघाडीवर होता आणि जीन सॅराझन त्याच्यापेक्षा तीन फटके मागे. सॅराझन १५ व्या होलवर आला. या होलचा पार ५. त्यानं दुसरा फटका मारला, साधारण २३५ यार्डांवरून, आणि बॉल थेट होलमध्ये. पाच फटक्यांचं काम दोन फटक्यांत. गोल्फमध्ये याला अल्बट्रॉस म्हणतात आणि तो फार क्वचित बघायला मिळतो. तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून निघाली. दुसऱ्या दिवशी प्लेऑफ झाला आणि सॅराझन जिंकला.

पुढं दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ अशी तीन वर्षं स्पर्धा झाली नाही. त्या काळात क्लबनं मैदानावर गुरं आणि टर्की पाळल्या. १९४६ पासून स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर एकदाही रद्द झालेली नाही. त्यामुळं १९३४ ते २०२५ या काळात एकूण ८९ स्पर्धा झाल्या.

जॅकेटची भानगड काय आहे?

मास्टर्स म्हटलं की ट्रॉफीच्या आधी हिरवं जॅकेट आठवतं. पण हे जॅकेट मुळात विजेत्यांसाठी नव्हतंच.

१९३७ पासून क्लबचे सदस्य स्पर्धेच्या वेळी हिरवं जॅकेट घालायला लागले. हेतू इतकाच, की गर्दीत सदस्य ओळखू यावा आणि काही विचारायचं असेल तर त्याला विचारता यावं. १९४९ मध्ये सॅम स्नीड जिंकला, तेव्हा पहिल्यांदा विजेत्याला जॅकेट देण्यात आलं. याचा अर्थ साधा होता : आजपासून तू आमच्यातला एक.

आदल्या वर्षीचा विजेता नव्या विजेत्याला जॅकेट घालतो. विजेता ते वर्षभर घरी ठेवू शकतो, त्यानंतर ते क्लबवरच ठेवावं लागतं. १९६६ मध्ये जॅक निकलॉस लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा प्रश्न आला, आता याला जॅकेट घालणार कोण? शेवटी त्यानं स्वतःच घातलं.

दुसरी परंपरा जेवणाची. १९५२ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता बेन होगन यानं सगळ्या माजी विजेत्यांना जेवायला बोलावलं. तेव्हापासून स्पर्धेच्या आठवड्यात मंगळवारी रात्री ही पंगत बसते. मेन्यू ठरवायचा आदल्या वर्षीच्या विजेत्यानं आणि बिलही त्यानंच भरायचं. स्कॉटलंडच्या सँडी लाइलनं हॅगिस खायला घातलं. टायगर वूड्सनं १९९८ मध्ये चीजबर्गर, फ्राइज आणि मिल्कशेक ठेवले. जपानच्या हिदेकी मात्सुयामानं सुशी ठेवली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, एकदा जिंकलात की निमंत्रणाची काळजी मिटली. विजेत्याला पुढं दरवर्षी बोलावणं येतं.

तीन मोठी नावं

१९५६ मध्ये मास्टर्स टीव्हीवर दिसायला लागली. त्यानंतर दोनच वर्षांत टीव्हीला हवा तसा हिरो मिळाला, अर्नाल्ड पामर. साध्या घरातला, धाडसी खेळणारा, लोकांत मिसळणारा. १९५८, १९६०, १९६२ आणि १९६४ असा एक वर्ष सोडून एक वर्ष तो जिंकत गेला. त्याच्यामागं फिरणाऱ्या चाहत्यांच्या झुंडीला आर्नीज आर्मी म्हणायचे.

१९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेयर जिंकला. अमेरिकेबाहेरचा हा पहिला विजेता. पुढं १९७४ आणि १९७८ मध्येही तो जिंकला.

तिसरा जॅक निकलॉस. सहा विजेतेपदं, जी आजही विक्रम आहेत. १९६३, १९६५, १९६६, १९७२, १९७५ आणि १९८६. यातलं शेवटचं सगळ्यात गाजलं. वय ४६, सगळ्यांनी त्याला संपलेला समजलं होतं. शेवटच्या दिवशी तो चार फटके मागे होता. बॅग उचलायला सोबत स्वतःचा मुलगा. शेवटचे नऊ होल त्यानं ३० फटक्यांत संपवले आणि मास्टर्सचा सगळ्यात वयस्कर विजेता ठरला.

जिंकता जिंकता राहिलेले

विजेत्यांच्या यादीशेजारी हरलेल्यांचीही एक यादी लोकांच्या लक्षात आहे. तिच्यात पहिलं नाव रॉबर्टो डी व्हिसेंझो.

१४ एप्रिल १९६८. अर्जेंटिनाच्या डी व्हिसेंझोचा ४५ वा वाढदिवस. शेवटच्या दिवशी त्यानं ६५ फटक्यांत राउंड संपवला. बॉब गोल्बी आणि तो बरोबरीत होते, दुसऱ्या दिवशी प्लेऑफ होणार होता.

पण गोल्फमध्ये तुमचं स्कोअरकार्ड तुमच्यासोबत खेळणारा भरतो आणि तुम्ही तपासून सही करायची असते. सोबतचा टॉमी ॲरन यानं १७ व्या होलवर ३ च्या जागी ४ लिहिले. डी व्हिसेंझोनं न बघता सही केली. नियम असा, की सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच धरायचा. ६५ चे ६६ झाले आणि एका फटक्यानं जॅकेट गेलं. सगळ्या जगानं टीव्हीवर ३ बघितले होते, तरी कागदावरचे ४ च खरे ठरले. डी व्हिसेंझोनं दोष स्वतःलाच दिला. अर्जेंटिनाला पहिलं जॅकेट मिळायला २००९ उजाडलं, तेव्हा आंखेल काब्रेरा जिंकला.

दुसरं नाव ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग नॉर्मनचं. १९८७ च्या प्लेऑफमध्ये ऑगस्टाच्याच लॅरी माइझनं लांबून बॉल थेट होलमध्ये घातला आणि नॉर्मन हरला. १९९६ मध्ये शेवटच्या दिवशी नॉर्मनकडे सहा फटक्यांची आघाडी होती. निक फाल्डोनं ६७ मारले, नॉर्मननं ७८. सहाची आघाडी गेली आणि वर पाच फटक्यांनी हार. नॉर्मनला जॅकेट कधीच मिळालं नाही.

पण डी व्हिसेंझो आणि नॉर्मन निदान मैदानावर हरले. काही खेळाडूंना मैदानावर यायलाच मिळालं नाही.

ज्यांना बोलावलंच नाही

आता आपण ली एल्डरकडे परत येऊ.

अमेरिकेत व्यावसायिक गोल्फ चालवणाऱ्या पीजीए या संघटनेच्या घटनेत एक कलम होतं : सदस्यत्व फक्त गोऱ्यांना. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनं दबाव आणल्यावर १९६१ मध्ये ते कलम निघालं. म्हणजे मास्टर्सच्या पहिल्या पंचवीसेक स्पर्धा झाल्या, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना अमेरिकेच्या मुख्य टूरवर नियमित खेळताच येत नव्हतं.

ऑगस्टावर कृष्णवर्णीय माणसं नव्हती असं नाही. भरपूर होती, पण कॅडी म्हणून, स्वयंपाकघरात आणि वाढपी म्हणून. मास्टर्समध्ये खेळाडूंना स्वतःचा कॅडी आणता येत नव्हता, क्लबचाच घ्यावा लागायचा. आणि क्लबचे सगळे कॅडी कृष्णवर्णीय होते. या मैदानाचा प्रत्येक चढ-उतार, बॉल कुठं वळेल, कुठं थांबेल हे या माणसांना तोंडपाठ होतं. पामर, निकलॉस, प्लेयर यांच्या विजेतेपदांत त्यांचा वाटा आहे. १९८३ पासून खेळाडूंना आपला कॅडी आणायची परवानगी मिळाली, तेव्हा यातल्या बहुतेकांचं मास्टर्समधलं काम गेलं.

१९६१ मध्ये पीजीएचं कलम गेलं, तरी मास्टर्सचं दार उघडलं नाही. चार्ली सिफर्ड हा त्या काळातला सगळ्यात मोठा कृष्णवर्णीय गोल्फपटू. १९६७ मध्ये त्यानं ग्रेटर हार्टफर्ड ओपन जिंकली, १९६९ मध्ये लॉस एंजेलिस ओपन. मास्टर्सच्या निकषांत वर्णाचा उल्लेख नव्हता. पण तेव्हा टूरवरची स्पर्धा जिंकली म्हणून आपोआप निमंत्रण मिळत नव्हतं. माजी विजेत्यांना मतदान करून एका खेळाडूला बोलावता यायचं, तिथूनही सिफर्डचं नाव पुढं आलं नाही. तो मास्टर्स कधीच खेळला नाही. २००४ मध्ये त्याला वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सर्वोच्च नागरी सन्मान. २०१५ मध्ये तो गेला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नियम बदलला. टूरवरची स्पर्धा जिंकणाऱ्याला थेट निमंत्रण. आता प्रश्न एवढाच होता, की पहिला कोण?

एप्रिल १९७४ मध्ये ली एल्डरनं फ्लोरिडातली मोन्सॅन्टो ओपन प्लेऑफमध्ये जिंकली. याच मैदानावर काही वर्षांपूर्वी त्याला आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंना क्लबहाउसमध्ये जाऊ दिलं नव्हतं, कपडे पार्किंगमध्ये बदलावे लागले होते. आता त्याच मैदानावरच्या विजयानं त्याला मास्टर्सचं तिकीट मिळालं.

पण त्या वर्षीची मास्टर्स नुकतीच होऊन गेली होती. एल्डरला जवळपास वर्षभर थांबावं लागलं. या वर्षभरात कौतुक झालं, मुलाखती झाल्या आणि जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. म्हणून त्यानं ऑगस्टामध्ये दोन घरं भाड्यानं घेतली आणि आळीपाळीनं दोन्हीकडे राहिला, म्हणजे तो नक्की कुठं आहे हे कुणाला कळू नये.

१० एप्रिल १९७५. एल्डरनं पहिल्या होलवर बॉल ठेवला आणि फटका मारला. मास्टर्स खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय गोल्फपटू. एल्डरचा जन्म १९३४ चा, म्हणजे ज्या वर्षी पहिली मास्टर्स झाली त्याच वर्षीचा. स्पर्धेइतकंच वय असलेल्या माणसाला आत यायला ४० वर्षं लागली.

स्कोअर झाला ७४ आणि ७८. कट हुकला, दोन दिवसांत घरी. पण तो १८ व्या होलकडे चालत आला तेव्हा क्लबमध्ये काम करणारे कृष्णवर्णीय कर्मचारी हातातलं काम टाकून बाहेर आले आणि टाळ्या वाजवत उभे राहिले, असं एल्डरनं नंतर अनेकदा सांगितलं. पुढं तो अजून पाच वेळा मास्टर्स खेळला. १९७९ मध्ये संयुक्त १७ वा आला.

पुन्हा १९९७

आता सुरुवातीचा तो रविवार पुन्हा बघा.

टायगर वूड्सची सुरुवात खरं तर वाईट झाली होती. गुरुवारी पहिल्या नऊ होलला ४० फटके, पारपेक्षा चार जास्त. मग त्यानं पुढचे नऊ होल ३० मध्ये संपवले आणि तिथून मागे वळून बघितलं नाही. एकूण २७० फटके, पारपेक्षा १८ कमी, १२ फटक्यांनी विजय. मास्टर्सचा सगळ्यात तरुण विजेता. आणि पहिला कृष्णवर्णीय विजेता. आई थायलंडची, म्हणजे आशियाई वंशाचाही.

जॅकेट घालायला आदल्या वर्षीचा विजेता निक फाल्डो होता. १९७५ सारखेच या वेळीही क्लबचे कृष्णवर्णीय कर्मचारी बघायला बाहेर आले होते. टायगरनं एल्डरला मिठी मारली आणि त्याचे आभार मानले.

सगळं लगेच बदललं असंही नाही. त्याच आठवड्यात १९७९ चा विजेता फझी झोलर यानं टायगरच्या पुढच्या वर्षीच्या जेवणाच्या मेन्यूवरून वर्णावर जाणारी टिप्पणी केली. ती टीव्हीवर आली, मोठा वाद झाला, झोलरनं माफी मागितली आणि त्याची स्पॉन्सरशिपही गेली.

क्लबचं सदस्यत्व हा तर वेगळाच विषय. ऑगस्टा नॅशनलनं पहिला कृष्णवर्णीय सदस्य घेतला तो १९९० मध्ये. महिलांसाठी अजून वेळ लागला. २००३ मध्ये महिला सदस्य नसल्याच्या मुद्द्यावर स्पर्धेच्या वेळी निदर्शनं झाली. जाहिरातदारांवर दबाव नको म्हणून क्लबनं त्या वर्षी जाहिरातींशिवाय प्रक्षेपण केलं, पण निर्णय बदलला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर या पहिल्या महिला सदस्य झाल्या. क्लबच्या स्थापनेला तेव्हा ८० वर्षं होत आली होती.

जॅकेट जगभर फिरलं

गॅरी प्लेयरनंतर बराच काळ यादीत अमेरिकनच होते. १९८० मध्ये स्पेनचा सेव्ह बायेस्टेरोस जिंकला, युरोपचा पहिला विजेता. मग युरोपची रांगच लागली. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर दोनदा, इंग्लंडचा निक फाल्डो तीनदा, स्पेनचा होसे मारिया ओलाथाबाल दोनदा.

२००० मध्ये जे नाव आलं ते आपल्याला जवळचं वाटेल, विजय सिंग. देश फिजी. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात उसाच्या शेतीसाठी भारतातून हजारो मजूर करारावर फिजीला नेले. तिथंच राहिलेल्या भारतीय वंशाच्या समाजातला विजय सिंग. वडील विमानांचे टेक्निशियन होते, त्यांनीच त्याला गोल्फ शिकवलं. भारतीय वंशाचा मास्टर्स विजेता अजून तरी तो एकटाच.

२००३ मध्ये कॅनडाचा माइक वीर जिंकला, तो पहिला डावखुरा विजेताही ठरला. २०१३ मध्ये ॲडम स्कॉटनं ऑस्ट्रेलियाची प्रतीक्षा संपवली. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळं नोव्हेंबरमध्ये, प्रेक्षकांविना झाली आणि डस्टिन जॉन्सननं २६८ फटक्यांचा विक्रम केला, पारपेक्षा २० कमी.

टायगर २००१, २००२ आणि २००५ मध्येही जिंकला. त्यानंतर खासगी आयुष्यातला गाजलेला वाद, पाठीच्या चार शस्त्रक्रिया, क्रमवारीत घसरण. २०१९ मध्ये ४३ व्या वर्षी तो पाचव्यांदा जिंकला. चौथ्या आणि पाचव्या जॅकेटमध्ये १४ वर्षांचं अंतर.

एप्रिल २०२१ मध्ये स्पर्धेची औपचारिक सुरुवात करायला निकलॉस आणि प्लेयर यांच्यासोबत ली एल्डरला बोलावलं गेलं. तब्येतीमुळं त्याला फटका मारता आला नाही. ऑक्सिजनची नळी नाकाला लावून तो खुर्चीत बसला, टाळ्या सुरू झाल्यावर उठून उभा राहिला. तीन दिवसांनी हिदेकी मात्सुयामा जिंकला, जपानचा पहिला विजेता. त्याच्या कॅडीनं शेवटच्या होलवर झेंड्याची काठी परत ठेवली, टोपी काढली आणि मैदानाला वाकून नमस्कार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एल्डर गेला.

आणि मग रोरी मॅकिलरॉय. उत्तर आयर्लंडच्या या खेळाडूकडे २०११ मध्ये शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी होती. वय २१. त्यानं ८० फटके मारले आणि थेट १५ व्या क्रमांकावर घसरला. पुढं तीन वर्षांत त्यानं बाकीच्या तिन्ही मेजर जिंकल्या, फक्त मास्टर्स राहिली. ती मिळायला २०२५ यावं लागलं. १३ एप्रिलला, टायगरच्या पहिल्या विजयानंतर बरोबर २८ वर्षांनी, मॅकिलरॉयनं प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवलं आणि हिरवळीवर गुडघ्यांवर बसून रडला. मास्टर्समधला त्याचा हा १७ वा प्रयत्न होता. कारकिर्दीत चारही मेजर जिंकणारा तो सहावा. आधीचे पाच : सॅराझन, होगन, प्लेयर, निकलॉस आणि वूड्स.

यादी थोडक्यात (२०२५ पर्यंत)

सहा वेळा : जॅक निकलॉस.
पाच वेळा : टायगर वूड्स.
चार वेळा : अर्नाल्ड पामर.
तीन वेळा : जिमी डेमारेट, सॅम स्नीड, गॅरी प्लेयर, निक फाल्डो, फिल मिकल्सन.
दोन वेळा : हॉर्टन स्मिथ, बायरन नेल्सन, बेन होगन, टॉम वॉटसन, सेव्ह बायेस्टेरोस, बर्नहार्ड लँगर, बेन क्रेनशॉ, होसे मारिया ओलाथाबाल, बुब्बा वॉटसन, स्कॉटी शेफलर.
लागोपाठ दोन वर्षं : निकलॉस (१९६५-६६), फाल्डो (१९८९-९०), वूड्स (२००१-०२).
सगळ्यात तरुण विजेता : टायगर वूड्स, २१ वर्षं.
सगळ्यात वयस्कर विजेता : जॅक निकलॉस, ४६ वर्षं.
सगळ्यात कमी फटके : डस्टिन जॉन्सन, २६८.

आणि भारत?

मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय जीव मिल्खा सिंग, वर्ष २००७. धावपटू मिल्खा सिंग यांचा मुलगा. पदार्पणात तो संयुक्त ३७ वा आला, पुढं एकदा संयुक्त २५ वा. २०११ मध्ये अर्जुन अटवाल खेळला. २०१५ आणि २०१६ मध्ये अनिर्बन लाहिरी, ज्याचा जन्म पुण्याचा, आणि दोन्ही वेळा त्यानं कट पार केला. २०१८ मध्ये शुभंकर शर्माला क्लबनं विशेष निमंत्रण दिलं.

जॅकेट अजून कुठल्याच भारतीयाला मिळालेलं नाही. एप्रिल आला की इन्स्टावर ऑगस्टाच्या हिरवळीचे आणि गुलाबी फुलांचे रील फिरायला लागतात. ते सगळे कॅमेरावाल्यांचे आणि क्लबचे असतात, कारण स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांना मोबाइल आत न्यायला बंदी आहे. पुढच्या वेळी असं एखादं रील दिसलं आणि त्यात पहिल्या होलचा टी दिसला, तर ४० वर्षांचा ली एल्डर १९७५ मध्ये तिथंच उभा होता. त्याचा कट दोन दिवसांत हुकला, पण १९९७ ची गोष्ट सांगताना टायगरपासून सगळेच त्याच्या त्या पहिल्या फटक्यापासून सुरुवात करतात.